बारा खांबांचे घर

भिंत पडली म्हणजे घर पडले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही होती, ती वयाच्या बाराव्या वर्षी मोडली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या वेळी मी दापोली तालुक्यातल्या आमच्या गावीच शिकायला होतो आणि आम्ही सारी चुलत-सख्खी भावंडे माजघरात ओळीने निजत असू. साडेचार वाजायच्या आतच वरच्या वाशांतून अशी काही करकर ऐकू आली, की कुणी तरी सबंध घर दोन्ही हातांनी धरून पिळतो आहे असे वाटावे. थोरल्या काकूने हाती लागेल त्या पोराला धरून अंगणात ओढले. उजाडल्यावर पाहतो तो माजघराची मागची मातीची भिंत कोपऱ्यापासून सुटून परसात कलंडलेली आणि तिच्या जागी केळीची पाने दिसत आहेत! पण वरचे छप्पर होते तिथेच होते. पाच-सहा नळे सरकले होते, एवढेच. भिंतीवाचून छप्पर अधांतरी कसे राहिले, हे कोडे मी काकांना घातले. काका माजघरातल्या खांबावर थाप मारून म्हणाले, "अरे, छप्पर भिंतीवर नसतंच मुळी. भिंत म्हणजे नुसता आडोसा. घर म्हणजे हे."

तो कोयनेचा भूकंप. कोयनानगरात त्याने केवढा अनर्थ केला हे आम्हांला मागाहून वर्तमानपत्रांतून समजले. काकांचे ते वाक्य मात्र नीट समजायला मला पुढली पन्नास वर्षे लागली.

कोकणातले जुने घर म्हणजे वास्तविक लाकडाचा एक मोठा पलंगच समजा. जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर खांब, दोन खांबांच्या माथ्यांवर आडवी तुळई, तुळईच्या मध्यावर पुन्हा एक आखूड खांब, त्याच्यावर घराच्या लांबीभर जाणारा भाल आणि भालावरून दोन्ही अंगांना उतरणारे वासे. वाशांवर रिपा, रिपांवर कौले. कौलांचे, पावसाचे, वर चढलेल्या गड्याचे असे सारे वजन ह्या वाटेने खाली जमिनीत उतरते. वाटेत भिंत कुठे येतच नाही. आणि गंमत अशी, की सबंध सांगाड्यात लोखंडाचा खिळा नसतो. तुळईला भोक पाडायचे, खांबाच्या माथ्याला त्याच मापाचे कुसू काढायचे, एकात दुसरे बसवायचे आणि आडवे छिद्र पाडून खैराची खुंटी ठोकायची. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत खिळा दहा-पंधरा वर्षांत गंजून फुगतो आणि भोवतालचे लाकूडही खातो. खुंटी लाकडाची जातभाई. ती लाकडाबरोबर फुगते, लाकडाबरोबर सुकते. सांधा किंचित हलतो, आणि हलतो म्हणूनच मोडत नाही. आम्ही त्या पहाटे ऐकली ती करकर ह्या सांध्यांची होती.

मराठवाड्यातही हीच विद्या निराळ्या रूपाने होती. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक निजले होते त्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगामातीखाली गेली. तिथल्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगड मातीत रचलेले आणि वर मातीचे जड माळवद. माणसे मुख्यतः मेली ती ह्या ढासळत्या दगडांनी. परंतु ज्या घरांत लाकडी खण चांगले बांधलेले होते, अशा काही ठिकाणी भिंती चारी बाजूंनी कोसळूनही माळवद खांबांवर तोलून राहिलेले पाहणाऱ्यांना आढळले. आमच्या काकांना त्याचे मुळीच नवल वाटले नसते. दुर्दैवाने तोवर ते राहिले नव्हते.

आता २०२० वर येतो. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडलाही त्याने सोडले नाही. मी पुण्यात, टाळेबंदीत अडकलेला. गावी शहाऐंशी वर्षांची थोरली काकू एकटी. वीज गेली, फोन गेले. चार दिवस काही कळेना. पाचव्या दिवशी शेजारच्या मुलाने कुठल्याशा टेकडीवर चढून फोन केला. "काकू बरी हाय. घराचं छप्पर ऱ्हायला नाय. परसातला फणस घरावर पडलाय."

गाडीचा परवाना मिळवून मी पोचलो, तेव्हा जून संपत आला होता आणि पाऊस लागला होता. वाटेत दुतर्फा माड-पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्या तशा पडलेल्या. घराची कौले अंगणभर झाली होती, वासे निम्मे मोडले होते, पश्चिमेची पडवी भुईसपाट झाली होती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध बारा खांब आणि सहा तुळया जशाच्या तशा उभ्या, नुसत्या पावसात भिजत. काकू गोठ्याशेजारच्या कोठीत चूल मांडून बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलास? चहा टाकते. दूध नाही."

त्या उभ्या खांबांकडे पाहून माझा गळा दाटून आला हे कबूल करतो. मी तिथल्या तिथे जाहीर केले, की घर पुन्हा लाकडाचेच उभे करायचे. ठाण्याच्या धाकट्या भावाचे म्हणणे अगदी उलट. त्याने एका कंत्राटदाराकडून सिमेंटच्या घराचा अंदाज मागवूनही ठेवला होता. आता काकू माझ्या बाजूने बोलेल, ह्या भरवशावर मी तिच्याकडे पाहिले.

"मला स्लॅब हवा," काकू म्हणाली.

मी गप्पच झालो. ती पुढे म्हणाली, "तुम्ही मे महिन्यात येता, आंबे खाता, ओटीवर लोळता आणि 'काय गार घर आहे' म्हणून जाता. शाकारायला दरसाल माणूस मिळत नाही ते मला ठाऊक. माकडं कौलांवर नाचतात ती मी हाकलते. वाळवी लागली की रॉकेल मी ओतते. ह्या घरात येऊन मला पासष्ट वर्षं झाली. दर पावसाळ्यात नवीन ठिकाणी गळतं आणि मी नवीन ठिकाणी भांडं मांडते. तुला लाकडाचं प्रेम आहे ना, मग तू राहा त्यात."

ह्याला उत्तर नव्हते. जुन्या वास्तूंविषयी पोटतिडकीने लिहिणारे आपण बहुतेक लोक त्या वास्तूंत राहत नसतो, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम उमगली.

वाडीतले सुतारबाबा आले ते ह्या वादाच्या ऐन भरात. सत्तरीला टेकलेले, कमरेला करगोटा, कानावर पेन्सिल. त्यांनी आमच्या वादात लक्षच घातले नाही. हातोडीच्या दांड्याने ते एकेक खांब खालून वर ठोकीत गेले. कुठे खणखणीत आवाज यायचा, कुठे बद्द. बद्द आला की तिथे पटाशीचे टोक टोचायचे. बारा खांबांपैकी आठ निरोगी निघाले. चार खालून कुजले होते, तेही वीतभर ते हातभर. वर सारे ऐन आणि साग ठणठणीत. मग ते काकूजवळ बसले आणि त्यांनी विचारले, "वयनी, तुमाला स्लॅब हवा का गळती नको?"

"गळती नको. माकडं नकोत. वाळवी नको. आणि मला शिडीवर चढायला नको."

"मंग तसं सांगा की! ते लाकडावर बी व्हतं."

त्यांची योजना साधी होती. वाशांवर आधी पत्रे, पत्र्यावर रिपा, त्यांवर कौले. माकडाने कौल फोडले तरी खाली पत्रा आहे. खांबांचे कुजलेले बूड कापून टाकायचे, नवे लाकूड जोडायचे नाही; तेवढा तळखडाच उंच करायचा. दगडाला वाळवी लागत नाही. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर चिऱ्याचे, सिमेंटात. ह्या योजनेपेक्षाही काकूवर परिणाम झाला तो आमच्या पाखाडीचा. घरापर्यंत येणारी ती पायऱ्यापायऱ्यांची अरुंद वाट. तिच्यावरून ट्रक यायचा नाही. स्लॅबची खडी, रेती, सिमेंट, सारे डोक्यावरून आणावे लागणार, आणि कंत्राटदार म्हणत होता की पुढल्या दिवाळीपर्यंत हातच लावता येणार नाही. काकूने विचार केला आणि अट घातली, "पुढच्या पावसाच्या आत माझ्या डोक्यावर छप्पर आलं पाहिजे. नाही आलं, तर लाकडं विकून टाकायची आणि स्लॅब घालायचा. मग कुणी रडायचं नाही."

पाऊस सरल्यावर नोव्हेंबरात सांगाडा उतरवायला घेतला. उतरवताना खांबांवर नसत्या ठिकाणी जुनी भोके दिसू लागली. त्यांत कसलेच कुसू नव्हते. कुठे मातीने बुजवलेली, कुठे कोळिष्टकांनी भरलेली. मी सुतारबाबांना विचारले. ते हसले. "ह्ये लाकूड तुमच्या घराच्या आदी कुनाच्या तरी घरात हुतं." काकूला विचारले, तर ती म्हणाली, "हो तर! आमचे सासरे सांगायचे. खाडीपलीकडचं एक घर विकत घेऊन त्याचे खांब होडीतून आणले होते." साठ-पासष्ट वर्षे मी ज्याला आमचे वडिलोपार्जित घर म्हणत आलो ते दुसऱ्या कुणाचे तरी वडिलोपार्जित घर होते! पण लाकडी घराचा हाच मोठा गुण आहे. खुंट्या काढा, सांधे सोडवा, उचला आणि दुसरीकडे मांडा. स्लॅबचे घर जागचे हलायचे म्हणजे घणाखालीच जायचे.

लाकूड मिळवण्याची कथा मात्र फारशी भूषणावह नाही. पडलेल्या फणसाचा पंचनामा झाला होता, तेव्हा त्याच्या फळ्या परसातच कापून घेतल्या. आपल्याकडे १९६४ च्या कायद्याने साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडे स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आमचा फणस वादळानेच आडवा केला होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. ताज्या फणसाचे लाकूड हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षागणिक तांबूस होत जाते. दारांसाठी त्याच्यासारखे लाकूड नाही. परंतु फणसाने मोडलेल्या दोन तुळया नव्या हव्या होत्या. काकूची मुदत डोक्यावर, म्हणून मी घाईने एका वखारीतून सागाचे दोन नग उचलून आणले. सुतारबाबांनी एका टोकाला हात घालून उचलून पाहिले आणि म्हणाले, "लई जड. ओलं हाय. आणि ह्ये कडंचं पांढरं बगा." सागाची कीर्ती आहे ती त्याच्या आतल्या गाभ्याची, बाहेरचे पांढरे लाकूड वाळवीला कुठल्याही लाकडासारखेच गोड लागते. पांढरे तासून टाकले तर तुळई मापाला भरेना. एक नग परत केला आणि एक तसाच वापरला. तो माझा हट्ट. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र चांगलेच आकसते, आणि सगळीकडून सारखे आकसत नाही म्हणून पिळवटते. पुढल्या दिवाळीपर्यंत ती तुळई पिळवटली आणि सांध्यात चार सुतांची फट पडली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा अर्धा इंच म्हणा! आजही जेवताना माझी दृष्टी नेमकी त्या फटीकडे जाते.

टाळेबंदीमुळे सुतारबाबांचा मुलगा मुंबईहून गावी आला होता. तिकडे तो प्लायवुडची कपाटे आणि तयार स्वयंपाकघरे बसवतो. बापाला त्याच्या कामाचा मोठा राग. "पावडरीच्या फळ्या चिकटवतो," असे ते सांगत. मुलाने विजेचा गिरमिट आणला, तेव्हा बाबांनी तोंड फिरवले. पण एका तुळईला चार भोके पाडायला जिथे बाबांना दिवस लागे, तिथे पोराने गिरमिटाने आतला भाग पोखरून तासाभरात काम मोकळे केले. कडा मात्र पटाशीनेच साफ कराव्या लागल्या, कारण कुसू बसायचे ते कडांवर. तीन दिवसांनी मी पाहतो तर बाबा गिरमिट धरून उभे आणि मुलगा वाकसाने खांब तासतो आहे. कोणी काही बोलले नाही. तासलेल्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल चोपडायचे काम माझ्याकडे होते. ते कातडी भाजते हे मला कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर मी ऐकले नव्हते. दोन आठवडे माझे हात पलित्यासारखे काळे होते.

फेब्रुवारीत उभारणी झाली. दोन खांब आणि त्यांवरची तुळई जमिनीवरच जोडायची आणि सबंध चौकट दोर लावून उभी करायची, अशा सहा चौकटी. सहा चौकटींत पाच खण. वाडीतली पंचवीसएक माणसे जमली. अर्ध्यांच्या तोंडाला मुसके, अर्ध्यांचे हनुवटीला. चार चौकटी झकास उभ्या राहिल्या. पाचवीचे कुसू काही केल्या भोकात शिरेना. बाबा एकदा कुसवाकडे पाहत, एकदा माझ्याकडे. घर उतरवताना प्रत्येक लाकडावर आकडे घालण्याचे जोखमीचे काम मी घेतले होते आणि ते खडूने केले होते. दवाने आकडे पुसले, तेव्हा मी आठवणीने पुन्हा घातले! सबंध वाडी दोर धरून खोळंबली. शेवटी सुतारबाबांनी सांध्याजवळची मळी पटाशीने खरवडली. खाली पहिल्या सुताराने पाडलेल्या बारीक खुणा निघाल्या. खांबाला तीन रेघा, त्याच्या तुळईलाही तीन रेघा. दुसऱ्या खांबाला चार. ते दोन खांब मी उलटसुलट लावले होते. अदलाबदल केली आणि मोगरीच्या दोन ठोक्यांत कुसू आत गेले. तो सुतार कोण, कुठला, कोणास ठाऊक! त्याच्या रेघा माझ्या खडूपेक्षा टिकल्या.

भाल चढला, त्याला आंब्याचा टाळा बांधला, नारळ फोडला. काकूने सगळ्यांना गूळ-खोबरे वाटले आणि मला बजावले, "अजून कौलं नाहीत."

आणि कौले वेळेवर आली नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध लागले. मे महिन्याच्या मध्यावर पूर्वेकडची बाजू शाकारून झाली होती; पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला, नुसते पत्रे. अशा वेळी बातमी आली, की तौक्ते नावाचे दुसरे वादळ किनाऱ्याने वर सरकते आहे. १६ मे २०२१ चा तो रविवार मी विसरणार नाही. सुतारबाबा, त्यांचा मुलगा आणि मी, आम्ही काथ्याच्या दोरांनी पत्रे तुळयांना आवळून बांधले. भिंती अजून नव्हत्याच. रात्री कोठीत कंदिलाजवळ आम्ही दोघे बसून होतो. वारा असा काही घोंगावत होता, की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. मध्येच एखादा पत्रा सुटून अंगणात खणखणत जायचा. मला निसर्गानंतरचे अंगण दिसू लागले. एवढा खटाटोप, काकूची एवढी मुदत, भावाशी धरलेला अबोला, सगळे आता वाऱ्यावर होते. बारा वाजून गेले असतील, काकूने माझा हात दाबला.

"करकरतं आहे का रे? मला आता ऐकू येत नाही."

मी कान दिला. वाऱ्याच्या आवाजाखालून ती ओळखीची करकर येत होती.

"येतो आहे आवाज."

"मग निज," काकू म्हणाली, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून निजलीसुद्धा!

सकाळी सात पत्रे गेलेले होते. एक सापडला तो पाखाडीच्या टोकाला, शेजाऱ्याच्या कलमावर. सांगाड्याची एक खुंटी ढिली झाली नव्हती. वादळ समुद्रातूनच वर निघून गेले म्हणून आम्ही वाचलो हे खरे. निसर्गासारखे ते अंगावर चालून आले असते तर काय झाले असते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पावसाच्या आत पश्चिमेची कौले चढली. पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री काकूने सवयीने माजघरात दोन पातेली मांडली. सकाळी ती कोरडी पाहून तिने त्यांतल्या एकात दूध तापवले. घराबद्दल चकार शब्द काढला नाही.

लाकडाचे सगळे चांगलेच असे मात्र कुणी समजू नये. आग हा त्याचा हाडवैरी. पुण्याच्या शनिवारवाड्याचे मजले १८२८ च्या आगीत गेले. उरला तो दगडी तट आणि जोते. म्हणून आमच्या विजेच्या तारा मी लाकडाला न चिकटवता नळ्यांतून घेतल्या आणि देवघरातला नंदादीप काकूला काचेच्या हंडीत ठेवायला लावला. त्यावर आमचे आठ दिवस भांडण झाले. शिवाय खर्चही कमी नाही. लाकडाहून मजुरी जड जाते, कारण हे काम येणारे हात थोडे उरले आहेत. जपानात इसे येथील देवालये दर वीस वर्षांनी मुद्दाम नवी बांधतात. २०१३ मध्ये बांधली तशी. वाचले तेव्हा मला हा उधळेपणा वाटला होता. आता वाटते, वीस वर्षांच्या अंतराने बांधले की बापाच्या हाताखाली मुलगा एकदा तरी तयार होतोच. आमच्याकडे त्यासाठी महामारी आणि दोन वादळे यावी लागली.

तो मुलगा पुन्हा मुंबईला गेला आहे. पावडरीच्या फळ्याच चिकटवतो. पण गेल्या दोन उन्हाळ्यांत वाडीतल्या आणखी दोन घरांची छपरे बापलेकांनी मिळून केली. धाकटा भाऊ आता बोलतो. मे महिन्यात येतो, ओटीवर लोळतो आणि घर गार आहे म्हणतो. काकू नव्वदी ओलांडून गेली आहे. माकडे अजून येतात आणि कौले फोडतात, परंतु ती आता काठी घेऊन बाहेर येत नाही. "फोडा, खाली पत्रा आहे," असे त्यांना ओटीवरूनच सांगते.

पश्चिमेची पडवी तेवढी राहिली आहे. तिच्यासाठी किंजळाचे चार वासे दोन वर्षांपासून गोठ्यात सुकत घातले आहेत. ह्या खेपेला मी घाई करणार नाही. सुतारबाबा म्हणाले आहेत, शिमगा झाला की येतो.